निम्म्या भावातली म्हैस

आमच्या व्याह्यांनी मला फसवलं. चांगली दुभती म्हैस निम्म्या भावात माझ्या गळ्यात घातली आणि फसवलं. हे सांगितलं की बाजारातली माणसं हसतात. हसू देत. सायकलीला दुधाचे कॅन लावून मी धंदा सुरू केला आणि दोन गोठे बांधले. फसवणूक कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये.

मुळात आमच्या व्याह्यांशी भाव करून जिंकलेला माणूस कोल्हापुरात झालाच नाही. जन्मभर म्हशींची दलाली केलेली. तोंडात बिडी, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल दोघांच्या हातांवर पडला की आत बोटांची झटापट सुरू व्हायची. कुठलं बोट दाबलं यावर भाव ठरायचा, भोवतीच्या बघ्यांना काही पत्ता नसायचा, आणि व्याह्यांचा चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा. बरं, ही सवय त्यांनी बाजारापुरती तरी ठेवावी! माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भटजींना कोपऱ्यात गाठून दोन मंगलाष्टकं कमी करून घेतली आणि वर आशीर्वाद वाढवून मागितला. रिक्षावाल्याशी घासाघीस करत त्याच्या शेजारून चालत ते घरापर्यंत यायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "बोला, आता काय द्यायचं?"

अशा माणसाला दम लागायला लागला. चार पावलांवर थांबून ते म्हशीला निरखल्याचं सोंग करायचे, म्हैस नसली तर भिंतीला. शेवटी मीच त्यांना शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, आजपासून बिडी बंद. व्याह्यांनी टॉवेल झटकला आणि सरळ टेबलावर पसरला.

"एकदम बंद म्हंजे कसं, डॉक्टर? ह्यो काय भाव झाला? सकाळची एक तरी धरा."

"एकही नाही."

"जेवणानंतरची?"

"काका, फुफ्फुस जेवढं गेलं तेवढं बिडी सोडूनही परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचंय."

बाहेर आल्यावर व्याही भडकले. "समदं सोडायचं आन् परत काय न्हाय मिळायचं? असला सौदा मी गिऱ्हाइकाला दावला असता तर जोड्यानं हाणला असता मला!"

मग तिथंच दवाखान्याच्या पायरीवर मी टॉवेल टाकला. त्यांनी बिडी सोडायची, मी तंबाखू. हातावर हात पडला. टॉवेलाखालचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. माझी पुडी समोरच्या गटारात टाकली आणि त्यानंतर कित्येक दिवस दिसेल त्याच्याशी भांडलो. इकडे विहीणबाई फोनवर सांगायच्या, "बिडीला शिवत न्हाईत बगा." आणि एका बाजारच्या दिवशी मी पाहतो तर टपरीमागं बिड्या ओढणाऱ्या दलालांच्या मधोमध आमचे व्याही बसलेले. तोंडात काही नाही, डोळे मिटलेले, आणि शेजाऱ्याला म्हणतायत, "मर्दा, जरा हिकडं तोंड करून सोड की."

"पावणं, ह्यो काय तमाशा?" मी ओरडलो.

"मी कुटं ओढतोय? ती ओढत्यात."

सौद्यातली ही फट त्यांना पायरीवरच दिसली असणार. मी रागानं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल हिसकावला. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "बिडी सुटंल वो. पर बिडी न्हाय म्हटल्यावर मला हितं बसाय बोलावतंय कोण?"

पुढच्या बाजारापासून ते आलेच नाहीत. लोकांचा धूरही सोडला, मनापासून सोडला. आता दाराशी खाट, उशाला श्वासाचा पंप, आत वाफेचं मशीन. खोकला कमी झाला. बोलणंही.

परवा निरोप आला, म्हैस काढायची आहे, कडब्याच्या धुळीनं जीव घाबरतो. मी गेलो आणि मुद्दाम असा पाडून भाव दाबला की कुठल्याही मानी माणसानं टॉवेल माझ्या तोंडावर फेकावा. मला भांडण हवं होतं. माझ्या तळहातावर त्यांची बोटं नुसती टेकली.

"दिली."

"आवो, पुढं बोला की!"

"दम न्हाय, पावणं."

जनावर विकलं तरी दावं कुणी देत नाही. दावं घरात राहिलं की त्या खुंट्याला पुन्हा जनावर येतं असं आमच्यात मानतात. व्याह्यांनी म्हशीबरोबर दावंही माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी पुरा भाव घेऊन गेलो, तर म्हणाले, "हातावर हात पडलाय," आणि कुशीवर वळले.

म्हैस आता माझ्या गोठ्यात आहे. दूध भरपूर देते, आणि धार काढताना माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलंय ते टिकवायचं. मग ह्यांनी ते न भांडता कसं सोडलं? टॉवेलाखाली दम लागतच नाही, लागतात ती बोटं. ह्याचा जाब व्याह्यांनी मला दिलाच पाहिजे. येत्या रविवारी दावं परत घेऊन मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसणार आहे. टॉवेल माझा. तोंडानं बोलू नका पावणं, पण बोटं दाबा.