गयाबाईंनी रस्ता ओलांडला

कळमनुरीच्या अलीकडे राहणाऱ्या गयाबाईंना एकदा रस्ता ओलांडायला आठ तास लागले, आणि त्यात चूक संपूर्ण माझी होती.

मूळ कारण इंग्लंड. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी आणि कुसुम (म्हणजे आमची सौभाग्यवती) लेकीकडे, मेघाकडे, तीन महिने राहून आलो. मेघाने राजवाडे दाखवले, चर्च दाखवली, मोठमोठी घड्याळं दाखवली. मला आवडला तो तिथला रस्ता! माणूस पांढऱ्या पट्ट्यांजवळ नुसता उभा राहिला तरी गाड्या थांबतात. पहिल्या दिवशी आमच्यासाठी गाडी थांबली आणि आतल्या गोऱ्याने हसून हात केला, तेव्हा कुसुम माझ्या कानात म्हणाली, “मेघाच्या ओळखीचा दिसून राहिला.”

आणखी दोन गोष्टी मी जावयांकडून शिकलो. एक म्हणजे हॉर्न. तिथे हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ शिवी देणं. तीन महिन्यांत मी हॉर्न दोनदाच ऐकला (दुसऱ्यांदा तो माझ्यासाठीच होता, पण ते असो). दुसरं म्हणजे दिवे. अरुंद रस्त्यावर समोरच्याने दिव्याची उघडझाप केली, तर त्याचा अर्थ, “या, तुम्ही आधी या!” मग आपण जायचं आणि जाता जाता हात वर करून आभार मानायचे. गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात. आपल्याकडेही नियम तोच आहे म्हणे.

मी हिंगोलीत परतलो तो सुधारक होऊनच. घरात पाऊल ठेवताच जाहीर केलं, “आजपासून आपली गाडी नियमानं चालंल.”

“म्हंजे आतापोत्तर कशी चालत होती?” कुसुमने विचारलं.

परतल्यावर आठवड्याभरातच डोंगरकड्याला माझ्या भाचीचं, कावेरीचं लग्न होतं. आमची अक्का, म्हणजे तिची आई, परगावी नोकरीवर असताना कावेरी चार वर्षं आमच्याच घरी वाढलेली. आमच्याकडे नवरीच्या मामाशिवाय लग्न लागत नाही. मामाने आणलेली पिवळी साडी नेसूनच नवरी बाहेर येते, आणि मामाच तिला धरून अंतरपाटापाशी नेतो. कावेरीला मामा एकच. मी! अक्काने साडी आदल्या दिवशीच आणून द्यायला सांगितलं होतं. मी फोनवर म्हणालो, “अक्का, मुहूर्त बारा पस्तीसचा न्हं? मी साडेअकराला साडीसकट हजर. तिकडं राहून आलो मी, मिनिटाचा फरक पडणार न्हाई.” वरपिता निवृत्त हेडमास्तर होते आणि वेळेचे इतके कडक, की मुहूर्त साधावा म्हणून त्यांनी वऱ्हाड आदल्या दिवशीच आणून बसवलं होतं.

सकाळी दहाला आम्ही हिंगोलीहून निघालो. माझ्या डोक्याला फेटा, मागच्या सीटवर साडीचा खोका, शेजारी कुसुम. कळमनुरीच्या थोडं अलीकडे एक म्हातारी हातात कापडी पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी दिसली. त्याच या गयाबाई. माझ्यातला इंग्लंड जागा झाला. मी अलगद ब्रेक लावला, हसलो आणि त्या गोऱ्यासारखाच हात केला. जा, ओलांडा!

गयाबाईंनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडून आत बसल्या!

“अहो आजी...” मी म्हणालो.

“तुमी कुठं चालले?” त्यांनी विचारलं.

“डोंगरकड्याला, लग्नाला,” कुसुम म्हणाली.

“चला मंग.” त्यांनी साडीचा खोका उचलून मांडीवर घेतला आणि दार लावून टाकलं.

आपल्याकडे गाडी थांबली याचा अर्थ बसा, एवढाच होतो, हे मी तीन महिन्यांत विसरलो होतो. कुसुम माझ्याकडे बघून राहिली होती. मी तिला समजावलं, “एखाद्या वेळी होतं असं. लोकांना सवय लागंल हळूहळू.”

कळमनुरीत लोकांना सवय लावायला मी पुन्हा थांबलो. या वेळी समोर पांढऱ्या टोपीवाले एक गृहस्थ होते आणि त्यांच्या खांद्यावर सिलिंग फॅन होता. तेही बसले. फॅनही बसला! “बाळापूरला सोडा, रिवायंडिंग करायचंय,” एवढं बोलून त्यांनी फॅनचं एक पातं माझ्या फेट्यात खोवलं (त्यांच्या मते ते टेकवलं होतं). तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा टोपीवाल्यांनी स्वतःच आतून दार उघडलं आणि दोघा जणांना हाका मारून घेतलं. मागे आता चार माणसं आणि एक फॅन.

“आता थांबाल तर मीच उतरते!” कुसुम कडाडली.

“उतरा ताई,” टोपीवाले आनंदाने म्हणाले, “मंग जरा ऐसपैस व्हईल.”

कळमनुरी मागे पडली तेव्हा मी विषय बदलावा म्हणून विचारलं, “आजी, डोंगरकड्यात कोणाकडं जायचं तुमाला?”

“कोणाकडंच न्हाई. मला तर पल्याड जायचं होतं.”

“पल्याड म्हंजे?”

“रस्त्याच्या पल्याड. तिथंच घर हाय माझं.”

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला. “मंग बसल्या काहून?”

“तुमी एवढी गाडी थांबवली. हसून हात केला. न्हाई म्हणलं तर बरं दिसतं का?”

मी गाडी वळवायला लागलो, तर कुसुमने घड्याळ दाखवलं. सव्वा अकरा! गयाबाईंनी मात्र घरी शेजारणीला फोन करून टाकला, “लग्नाला चालले गं. कोणाचं काय माहीत, पण माणसं बरी हायत.”

पुढे उसाची ट्रॉली लागली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्याने गाणी, की चालवणाऱ्याला मागचं जग आहे की नाही याचाच पत्ता नसावा. मी मागे शांत चालत राहिलो. माझ्या मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, माझ्याच नावाने.

“हॉर्न वाजवा की!” कुसुम म्हणाली.

“तिकडं हॉर्न म्हंजे शिवी समजतात.”

“मंग द्या की शिवी!” गयाबाई मागून म्हणाल्या.

मी तत्त्वाला चिकटून राहिलो. बाळापूरपर्यंत आम्ही त्या उसाच्या मागे मयतीला चालल्यासारखे गेलो. तिथे ट्रॅक्टर डिझेलला थांबला, आणि टोपीवाले व ते दोघे उतरले. फॅन निघाला, फेटाही त्याच्याबरोबर निघाला. तो सोडवण्यात आणखी पाच मिनिटं गेली. तेवढ्यात अक्काचा फोन.

“कुठं हाईस रे?”

“आलोच. बाळापूर.”

“आलोच कशाचं! बारा वाजायला आले. हेडमास्तर घड्याळ घेऊन मांडवाच्या दारात उभे हायत. कावेरी रडून राहिली. म्हणते, मामा आल्याबिगर मी उठत न्हाई, अन् दुसरी साडी नेसत न्हाई.”

जिला सायकलच्या दांड्यावर बसवून बालवाडीत सोडलं, ती पोरगी लग्नाच्या दिवशी माझ्यामुळे रडत होती. मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. आता सगळं विसरून गाडी हाणायची, असं मी ठरवलं. आणि सगळं विसरलोही असतो, पण पुढे तो पूल आला.

पूल अरुंद, शेजारी नवीन पुलाचं काम चालू. पलीकडून एक ट्रक येत होता. मी थांबलो. त्याने दिव्याची उघडझाप केली. माझं मन भरून आलं. अडचणीच्या वेळी असा सभ्य माणूस भेटावा! मी हात वर करून आभार मानले आणि पुलावर गाडी घातली. ट्रकही आला. पुलाच्या बरोबर मध्यावर आम्ही नाकाला नाक लावून उभे राहिलो.

ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. “डिपर मारा ना मैंने! दिखा नहीं क्या, चचा?”

“दिखा! इसीलिए तो आया!”

“अरे, मारा मतलब रुकना था!”

“मारा मतलब आना था!”

“किसने बोला?”

“इंग्लंड में...” एवढं म्हणून मी गप्प झालो, कारण त्या पुलावर ते वाक्य माझं मलाच विचित्र ऐकू आलं.

तोवर माझ्या मागे तीन जीप, दोन ॲपे आणि तोच उसाचा ट्रॅक्टर (गाण्यांसकट!) येऊन चिकटले. ट्रकच्या मागेही रांग लागली. मोटारसायकली दोन्हीकडून घुसल्या आणि अडकल्या. बारा वाजून पाच मिनिटं. कुसुमचे डोळे भरले. मी स्टिअरिंग धरून नुसता बसलो होतो.

मागचं दार उघडलं. गयाबाई उतरल्या. छातीशी साडीचा खोका धरून त्या ट्रकसमोर उभ्या राहिल्या आणि सगळा पूल ऐकेल अशा आवाजात ओरडल्या, “ए बाबा! हा नवरीचा मामा हाय! मांडवात लेकरू रडून राहिलं. ही बघ साडी!”

ड्रायव्हरने खोका पाहिला. माझा चुरगळलेला फेटा पाहिला. कपाळावर हात मारून म्हणाला, “पहले बोलना था ना, चचा! मामा है तो बात ही अलग है!” आणि त्याने ट्रक रिव्हर्सला टाकला. त्याच्या मागे निरोप पोचत गेला. “मामा हाय, मामा! मागं घ्या!” ट्रकमागची रांग मागे सरली, मोटारसायकली काठाला लागल्या, कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी का म्हणून विचारलं नाही. दिवे, हॉर्न, पांढरे पट्टे या सगळ्यांच्या वरचा एक नियम आमच्या भागात आहे आणि तो मी साठी ओलांडेपर्यंत शिकलोच नव्हतो! मी जाताना हात वर केला. या वेळी सगळ्यांनी उलट हात केले.

उरलेला रस्ता मी हॉर्नवरचा हात न काढता गेलो.

बारा वीसला मांडवात शिरलो तेव्हा माईकवर पुकारा चालू होता, “नवरीचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी निघावं!” गयाबाई खोका घेऊन थेट आतल्या खोलीत गेल्या. बारा चौतीसला पिवळ्या साडीतली कावेरी बाहेर आली, सुजलेल्या डोळ्यांनी हसली आणि म्हणाली, “मामा, फेटा तर नीट करा.” मी तिला धरून अंतरपाटापाशी नेलं, आणि अक्षता पडल्या तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त रडलो. हेडमास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. गयाबाई पहिल्या पंगतीला जेवल्या, आहेराची साडी घेतली, आणि अल्बमच्या प्रत्येक फोटोत आहेत. वरपक्ष त्यांना नवरीची आजी समजतो. आम्हीही सांगितलेलं नाही. संध्याकाळी साडेसहाला मी त्यांना त्यांच्या घराच्या दारात उतरवलं, रस्त्याच्या पल्याड.

यंदा पुन्हा मेघाकडे गेलो. माझ्या आणि कुसुमच्या हातात भाजीच्या पिशव्या, पांढऱ्या पट्ट्यांजवळ उभे होतो. एक गाडी थांबली. आतल्या म्हाताऱ्या गोऱ्याने हसून हात केला. मी दार उघडलं आणि बसलो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं आणि “सॉरी, सॉरी” करत मी उतरायला लागलो. तोच मागून आवाज आला, “अहो, उतरता काहून? त्यानं एवढी गाडी थांबवली, न्हाई म्हणलं तर बरं दिसतं का?”

कुसुम मागच्या सीटवर बेल्ट लावून बसली होती.

गोऱ्याने मोठ्या अदबीने विचारलं, कुठे जायचंय? मेघाचं घर समोरच, रस्त्याच्या पलीकडे होतं. पण ते सांगायची माझी काही छाती झाली नाही. मी त्यालाच विचारलं, तुम्ही कुठे चाललात? त्याने कुठलंसं गाव सांगितलं.

मी म्हणालो, “चला मग.”