बटण दाबणारे काका

वर्तकनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांइतक्या निष्ठेने बिनकामाचं काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी ज्या इस्पितळाच्या ऑफिसात नोकरी करते, तिथेच ते टोकनच्या मशीनपाशी बसत. मशीनला चार विभागांची चार बटणं. आलेल्या माणसाने एक दाबायचं की चिठ्ठी बाहेर. ते बटण काका दाबून देत. एवढंच. पण त्यासाठी कडक इस्त्रीचा शर्ट आणि वेळेआधी अर्धा तास हजेरी. बटण दाबायचं ते करंगळीने, कारण अंगठा आणि तर्जनी तपकिरीसाठी राखीव. पुतणीच्या लग्नाला आंबिवलीला गेले, तर तिथूनही मला दोनदा फोन, मशीनमधला कागद संपला का म्हणून, आणि मांडवात "गोडाचं पथ्य कोणाला?" असं विचारत पंगती यांनीच बसवल्या.

साहेबांनी अनावश्यक जागांची यादी मागितली, तेव्हा पहिलं नाव मीच लिहिलं. शेजारधर्म आठवला, पण बटण कोणालाही दाबता येतं हे काही खोटं नव्हतं. काकांची नोकरी गेली. जाताना मशीन तेवढं पुसून गेले.

आठवड्याभरात शीळफाट्याकडचे एक म्हातारे बायकोचे डोळे दाखवायला आले. वाचता येत नसावं. भलतंच बटण दाबून दोघं एक्स-रेच्या रांगेत अडीच तास बसली. नंबर लागला तेव्हा चूक कळली, तोवर डोळ्यांचे डॉक्टर निघून गेलेले. म्हातारे बायकोचा हात धरून चालू लागले. मी काउंटरमागून नुसती बघत राहिले.

संध्याकाळी काकांकडे गेले आणि यादीपासून सगळं सांगून टाकलं. काकूंनी चहा ठेवला. यादीचं काकांना आधीपासून ठाऊक होतं. "तू लिहिलंस ते बरोबरच होतं गं, बटण काय कोणीही दाबेल," ते म्हणाले. मग विचारलं, "ती दोघं घरून जेवून आलेली का?"

ते मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, काकांचं नाव यादीत घातलं ही चूक माझी होती असं मी साहेबांना लेखी दिलं. महिन्याभराने काका परत आले. हल्ली ते खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवतात. शीळफाट्याकडचं कोणी आलं की त्या जोडप्याची चौकशी करतात. ती दोघं अजून आलेली नाहीत.