फॅमिली रूमचा पडदा

हॉटेलात जाऊन ताटकळत बसण्यात आमच्या घरमालकीण काकूंचा हात धरील असं माणूस अख्ख्या नागपुरात नव्हतं. आणि इतकं ताटकळूनही त्या हॉटेलावरचा ज्यांचा विश्वास कणभरही ढळला नाही, अशा तर त्या साऱ्या जगात एकट्याच असाव्यात. सत्तरच्या दशकात मी नोकरीसाठी नागपूरला आलो आणि सक्करदऱ्याला त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो. खोलीबरोबर अंगणातला नळ, पेरूचं झाड आणि महिन्यातल्या एका रविवारी काका-काकूंबरोबर सदर भागातल्या हॉटेलात जायची सक्ती, एवढं सगळं मिळत असे. मी एकटा आहे, मला घरचं माणूस नाही, तेव्हा रविवारी मी त्यांच्याबरोबर जेवलंच पाहिजे, हे काकूंनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. ते दोघं सायकलरिक्षात आणि मी मागून माझ्या सायकलवर, अशी आमची वरात सदरला निघायची.

ते हॉटेल काही वाईट नव्हतं. बाहेरच्या हॉलमध्ये पंखे गरगरत, डोसे तव्यावरून थेट टेबलावर येत आणि कॉफीला वाफ असे. पण हे सगळं पुरुषांसाठी. बरोबर बाईमाणूस दिसलं की गल्ल्यावरचे शेठ मोठ्या अदबीने कोपऱ्याकडे बोट दाखवत. तिथे फळ्यांचा आडोसा करून एक खोलीवजा जागा केलेली होती. तिच्यावर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी होती आणि दाराला एक पडदा होता. तो मुळात निळा असावा. खाऊन उठलेल्या प्रत्येकाने त्याला बोटं पुसल्यामुळे आता तो कुठल्याच रंगाचा राहिला नव्हता. एकदा त्या पडद्याआड गेलं की माणूस जगाच्या दृष्टीने संपला. वेटर ऑर्डर घेऊन जायचा आणि मग आमचा विसर त्याला असा काही पडायचा की आम्ही कधी आलोच नव्हतो.

काकूंनी या ताटकळण्याचीही सोय लावून घेतली होती. घरून निघतानाच त्या पिशवीत मेथीची जुडी टाकत. ऑर्डर दिली की जुडी सोडायची आणि टेबलावर निवडायला घ्यायची. बहुधा मेथी आधी संपायची आणि डोसा नंतर यायचा. एकदा मात्र वेटर अचानक उगवला आणि त्याने आपल्या ओल्या फडक्याने टेबलाबरोबर निवडलेली मेथीही झाडून नेली. काकू त्याच्यावर रागावल्या नाहीत. “आज टेबल तरी पुसलं त्याने,” असं त्या रिक्षात बसताना समाधानाने म्हणाल्या. रात्री आम्हाला मेथीची भाजी मिळाली नाही, एवढंच.

काकांचा स्वभाव याच्या अगदी उलट. सरकारी कचेरीत उभा जन्म गेलेला हा गृहस्थ वेटरलासुद्धा साहेब समजायचा. हाक मारायला त्यांना संकोच वाटे, म्हणून ते पडद्याच्या दिशेने तोंड करून हळूच खाकरत. एकदा त्यांचं खाकरणं बाहेर ऐकू गेलं आणि वेटर लगबगीने गरम पाण्याचा पेला घेऊन आला. घसा धरला असेल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्या हॉटेलात आम्हाला झटपट मिळालेली ती एकच गोष्ट, आणि ती आम्ही मागितलीच नव्हती.

डोसा यायचा तेव्हा गारढोण झालेला असे. काकू पहिला घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आज नाही जमलं त्याले. पुढच्या खेपेले जमते.” जाताना त्या वेटरला त्याच्या लेकराबाळांची खुशाली विचारत. माझं मात्र डोकं फिरायचं. एकदा मी न राहवून म्हणालो, “काकू, नागपुरात काय दुसरं हॉटेल नाही?”

“दुसरीकडंही पडदाच राहते गा,” काकू म्हणाल्या. “याची तर आपल्याले ओळख आहे.”

“मग घरीच का नाही जेवत आपण? तुमच्या हातचं याच्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं.”

तेव्हा त्या हातातली काडी निवडता निवडता थांबल्या. “घरी मी सगळ्याच्या मागून बसते. साऱ्याले गरम वाढते न् माझ्या वाटणीले गार झालेली पोळी. अजून काय पाहिजे म्हणून मले आजवर कोणी विचारलं नाही. हॉटेलात तेच त्याचं काम आहे ना? एक दिवस तो विचारल. म्हणून येते मी.”

काका पडद्याकडे तोंड करून खाकरत होते, ते वळून काकूंकडे पाहू लागले. मी नंतर कधी हॉटेल बदलायची गोष्ट काढली नाही.

काकूंनी सरळ हॉलमध्ये बसायचा प्रयत्न करून पाहिला नाही असं नाही. एका रविवारी त्या पंख्याखालच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेठ गल्ला सोडून धावत आले. “बाई, फॅमिली आत बसते. इथं लोकं बसतात.”

“काहून? मी काय लोकांत मोडत नाही?” काकूंनी विचारलं. काकांनी तोवर घाबरून पडदा बाजूला केला होता. काकूंना आत जावंच लागलं. त्या दिवशी मेथीच्या काड्या जरा जोरात तुटत होत्या.

त्यानंतरचा हॉटेलाचा रविवार भर एप्रिलातला. जेवण झाल्यावर काकूंनी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि त्या खुर्चीवर चढल्या. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनी पडदा दारावरून काढला, त्याची घडी केली आणि पिशवीत घातला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “अवं, दुसऱ्याचा आहे तो,” एवढंच ते पुटपुटले.

गल्ल्यापाशी येऊन काकू शेठना म्हणाल्या, “हा पडदा पाहून अन्नावरची वासना जाते. धुऊन आणून देते.” पडदा फुकटात धुऊन मिळतोय म्हटल्यावर शेठ खूश झाले. त्यांनी काकूंना चार लोकांसमोर धन्यवादसुद्धा दिले.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा पडदा आणायला काकू विसरल्या होत्या. निदान त्यांनी तसं सांगितलं. आम्ही कोपऱ्यात बसलो. समोर उघडा हॉल, आणि दाराकडे तोंड करून काकू. वेटर जाता-येता दिसत होता, आणि मुख्य म्हणजे त्यालाही काकू दिसत होत्या. दर वेळी नजरानजर व्हायची आणि काकू ओळखीचं हसायच्या. दोन-तीन फेऱ्यांतच तो हातात डोसा घेऊन हजर झाला. डोसा चुरचुरत होता. “पडद्यामागचं ध्यानातच राहत नाही, बाई,” तो ओशाळून म्हणाला. काकूंनी घास घेतला, त्यांची जीभ पोळली आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी पोळल्यामुळेच आलं, असं त्या पुढे कित्येक दिवस सांगत होत्या.

वेटर गेला नाही. तिथेच उभा राहून त्याने विचारलं, “अजून काही पाहिजे का, बाई?”

काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर उभा, आणि काय मागावं ते त्यांना सुचेना. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, “अजून एकडाव विचारा.”

वेटर हसला, पण त्याने पुन्हा विचारलं. काकूंनी आणखी एक डोसा मागितला आणि तो एकटीने संपवला. पिशवीतली मेथी तशीच घरी परत आली.

दुसऱ्या दिवशी रात्री स्वयंपाकघरातून मला काकांचं खाकरणं ऐकू आलं. पाठोपाठ त्यांचा आवाज आला, “अजून एक पोळी घेते का वं?” त्या घरात तो प्रश्न मग रोजचाच झाला.

शेठ पडद्याची चौकशी करत. काकूंचं उत्तर ठरलेलं असे, “धुतला आहे. वाळून राहिला.” ज्या नागपुरात दोरीवर टाकलेलं लुगडं दुसरं टोक पसरेपर्यंत वाळतं, तिथे तो पडदा उन्हाळाभर वाळला नाही. पावसाळ्यात तर शेठनी विचारायचंच सोडून दिलं.

पुढे माझी बदली झाली. काका गेल्याचं पत्राने कळलं, तेव्हा मला येता आलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी एका मे महिन्यात मी बायकोला घेऊन काकूंकडे गेलो. त्या थकल्या होत्या, घर शांत होतं. आल्या आल्या मी नळावर तोंड धुतलं आणि घामेजलेला रुमाल पिळून दोरीवर टाकला. काकूंनी आम्हाला गरम पोळ्या वाढल्या. बायकोने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः वाढायला उठली. त्या घरात मी कितीदा जेवलो होतो, पण काकूंना असं बसवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

“हॉटेलात जाता का अजून?” मी विचारलं.

“जाते ना. आता एकटीच जाते. तो वेटरही म्हातारा झाला, पण विचारते.”

“आणि तो पडदा? वाळला का?”

काकूंनी फळीवरच्या ट्रंकेकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “नाही गा,” त्या म्हणाल्या. “यंदा ऊनच कुठं पडलं?”

मग त्या उठल्या, अंगणात गेल्या, आणि दोरीवर खडखडीत वाळलेला माझा रुमाल आणून त्यांनी माझ्या हातात दिला.