अर्धं कातरलेलं मेंढरू

निमगाव केतकीच्या फाट्यावर मी बारामतीच्या मोटारीत चढलो, तेव्हा मला पोचवायला अख्खा कळप आला होता. माणसं दोनच, आई आणि तात्या, म्हणजे माझे वडील. बाकी सगळी मेंढरं. त्याला इलाज नव्हता. तात्या कळप सोडून कुठं जात नसत. त्यांचं लग्न लागलं तेव्हाही मांडवाच्या कडेला मेंढरं उभी होती आणि मंगलाष्टकांना सूर त्यांनीच धरला, असं आमच्याकडं सांगतात. मी त्या लग्नाला नव्हतो, पण आमच्या पाहुण्यांचे सूर ऐकलेत, मेंढरांचेही ऐकलेत, त्यामुळं गोष्ट खरी असणार.

आईनं बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. तिच्या मते बारामतीत बाजरी पिकत नव्हती, पिकली तरी तिथल्या बायकांना थापता येत नव्हती. ते गठुडं मी आत टाकलं आणि मोटार एका अंगाला कलली. ड्रायव्हर उतरून चाक बघून आला. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, ह्या गठुड्याचं तिकीट काढा, न्हायतर त्येला मधी बसवा." मी गठुडं मध्ये ठेवलं, मोटार सरळ झाली आणि निघाली.

निघाली म्हणजे काय, हलली. आमचा म्होरक्या मेंढा गळ्यातली घंटा वाजवत तिच्याबरोबर चालू लागला, मग पुढं गेला आणि वळणावर उभं राहून मोटारीची वाट बघत चरू लागला. त्या मोटारीत बसलेला कुणीही अजून हयात असेल तर विचारा. तात्या लगबगीनं मेंढा आणायला वळणापर्यंत आले, म्हणून तर खिडकीतून त्यांचं शेवटचं बोलणं ऐकायला मिळालं. ते म्हणाले, "बिरू, अर्धं कातरलेलं मेंढरू सोडायचं न्हाय."

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेलं. लोकर कातरायला मेंढरू पायांत धरलं, की ते पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. पाहुणा येवो, पाऊस येवो, भाकरी करपो. अर्ध्यात सुटलेलं मेंढरू एका अंगानं गारठतं, कळप त्याला ओळखत नाही आणि गाव हसतं ते धन्याला. तात्यांना म्हणायचं होतं, मॅट्रिक धरलीस, आता पुरी कर. मी ते वाक्य भाकरींच्या गठुड्यात, अगदी वरच ठेवलं. पुढं त्यानंच मला गाळात घातलं, पण ते पुढं.

निमगावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला एक गंमत सांगतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर कळप घेऊन जे निघायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर परतायचं. कुठल्या कुठं जायचं. त्यासाठी आई कधी रडली नाही. मी मोटारीनं बारामतीला गेलो, तर ती चार गावांना ऐकू जाईल अशी रडली. तेव्हा मला ते समजलं नव्हतं. कळपाबरोबर जाणं म्हणजे घर घेऊन जाणं. मी घर न घेता निघालो होतो.

माझं ध्येय काय, तर पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, कचेरीत कारकून व्हायचं. टेबल, दौत, वर पंखा. सातवीनंतर मी कळपामागं गेलो होतो आणि माळावर मेंढरांपुढं इंग्रजी वाचत होतो. त्यांतली काही माझ्यापेक्षा पुढं गेली असती, पण त्यांना फी कोण भरणार? तात्यांची अट साधी होती. "दोनदा बसून बघ. न्हाय जमलं तर काठी हितंच हाय. ती कुटं जात न्हाय." दोनदा. तिसऱ्यांदा कळप.

बारामतीच्या कडेला, जळोचीत, सोनाक्का नावाच्या बाईंच्या बागेत मी कामाला राहिलो. अक्कांचा माणूस गेलेला, मुलं लहान. वांगी, भेंडी, पेरू असं सगळं माळवं त्या एकट्या उठवून बाजाराला धाडत. त्यांचा आवाज असा, की त्या जळोचीत हाक मारत आणि बारामतीच्या मंडईत भाजीचा भाव उतरे. राहायला खोपी, दोन वेळ जेवण, वर पगार, आणि काम मुख्यतः दारं धरण्याचं. म्हणजे पाटाचं पाणी आलं की खोरं घेऊन उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. वरच्या पंख्याच्या आधी नशिबात पायाखालचा चिखल होता.

सांजेला भागवत मास्तरांकडं वर्ग असे. नोकरी करून बाहेरून मॅट्रिकला बसणारे आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर जमायचो. मास्तर म्हणजे चालतं घड्याळ. ते नदीकडं फिरायला निघाले की लोक आपापली घड्याळं लावत. एकदा त्यांना ठेच लागून दोन मिनिटं उशीर झाला, तर अख्ख्या आळीचा स्वयंपाक मागं पडला. दुपारी जेवल्यावर ते झोपत, आणि त्या झोपेतून त्यांना उठवण्याची हिंमत त्यांच्या बायकोलाही नव्हती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "वेळापत्रक! वेळापत्रकाशिवाय विद्यार्थी म्हणजे नुसता वाटसरू."

मी पुठ्ठ्याला खळीनं कागद चिकटवून वेळापत्रक केलं. पहाटे गणित, न्याहारीनंतर इंग्रजी, दुपारी भूगोल. दिसायला असं देखणं, की अक्कांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. पण पाटाच्या पाण्याला वाचता येत नव्हतं. त्याची पाळी ऐन गणितात यायची. पाटकरी सायकलवरून ओरडत जायचा, "पानी सुटलं!", आणि मी समीकरण अर्धं टाकून वाफ्याकडं पळायचो. मग भूगोलाच्या वेळी गणित, गणिताच्या वेळी झोप. शेवटी अक्कांच्या शेळीला खळीचा वास लागला. तिनं पहाटेच्या गणितापासून सुरुवात करून दुपारच्या भूगोलापर्यंत सगळं खाल्लं. पुरं संपवूनच उठली. आमच्या घराण्यातली शोभली असती. वर्षभराचा माझा अभ्यासक्रम वेळेत पुरा केलेली ती एकटीच.

तरी मी परीक्षेला बसलो. तयारी वाईट नव्हती. पहिला पेपर इतिहासाचा. पहिला प्रश्न शेरशहाच्या सुधारणांचा. तो मी पायांत धरला आणि कातरायला लागलो. रस्ते लिहिले, सराया लिहिल्या, झाडं लिहिली, झाडांच्या सावल्या लिहिल्या. कुठं लोकर राहिली तर नाही ना म्हणून पुन्हा उलटून पाहिलं. पुरवण्या मागत गेलो. सुपरव्हायझर येऊन वाकून बघून गेले, त्यांना वाटलं नंबरात येणारा दिसतोय. घंटा वाजली तेव्हा माझा शेरशहा असा गुळगुळीत कातरून उभा होता, की त्याच्या आईनंही त्याला ओळखलं नसतं. बाकीचे प्रश्न अंगावर लोकर घेऊन तसेच पळून गेले. सगळ्या पेपरांत हेच. भूगोलात मी एकट्या ब्रह्मपुत्रेबरोबर तीन तास वाहत गेलो.

निकाल सांगायला नको. निमगावला निरोप गेला. तात्यांचा उलट निरोप आला, एका भाजीवाल्याच्या तोंडून: "काठीला तेल लावून ठिवलंय. घाई न्हाय." त्या 'घाई न्हाय'नं मला जेवढी घाई लागली, तेवढी कशानंच लागली नव्हती.

पुढच्या पाळीला मी दारं धरत होतो, डोळे पुस्तकात. पहिला वाफा भरला, भरून वाहिला, त्याचं तळं झालं. तेवढ्यात बांधावरून अक्का कडाडल्या.

"अरं सायबा! त्या वाफ्यात काय म्हशी सोडायच्यात का? तकडं श्येवटची भेंडी माना टाकून बसलीया!"

"अक्का, ह्यो पुरता भिजू द्या, मग..."

"पुरता? पानी काय तुज्या बापानं बांधून दिलंय? पाळी सुटली की सुटली. समद्यांना थोडं थोडं पाज, मुडद्या. जगूं तर दे त्येनला!"

मी खोरं घेऊन धावलो. पहिल्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. घाईत एकही वाफा काठोकाठ भरला नाही. शेवटच्या भेंडीपर्यंत पाणी पोचलं आणि पाट आटला. बांधावर बसून मी त्या वाफ्यांकडं बघत राहिलो. ते अगदी प्रश्नपत्रिकेसारखे दिसत होते, वरून खाली, ओळीनं. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की अक्का म्हणाल्या, "लागलं ह्येला याड."

त्या दिवसापासून मी वेळापत्रक सोडलं. पाणी येईल तेव्हा पाणी, आणि एका वाफ्याला एक धडा. वाफा भरेपर्यंत जेवढं डोक्यात जाईल तेवढं जाईल. वाफा भरला की पुस्तकाचं पानही उलटायचं, मग प्रमेय अर्ध्यात असो की राजा. सुरुवातीला जीव तुटायचा. अर्धं सोडलेलं प्रमेय दिवसभर पाठीमागं बें बें करत फिरायचं. तात्यांच्या मेंढराची मान मीच मोडतोय असं वाटायचं. पण हळूहळू सगळ्या धड्यांना ओल लागली. अक्का जाता जाता विचारत, "आज कोन पानी प्यालं?" मी सांगायचो, "काटकोन त्रिकोण, अक्का." "बरं झालं. लई दिस तान्हेला व्हता."

दुसऱ्यांदा परीक्षेला बसलो. आजचं पाणी गेलं तर कळपामागं घाट चढताना हातात काठी, हे डोक्यातून जात नव्हतं. प्रश्नपत्रिका आली, आणि पहिल्याच प्रश्नाला अकबर. अकबर मला असा पाठ होता, की त्याच्या दरबारात बसून आल्यासारखा. पेन सुटलं. रस्त्यावर आलं, दरबारावर आलं, आणि मला डोळ्यांपुढं माना टाकलेली भेंडी दिसली. मी अकबराचं तोंड बुजवलं. वाक्य अर्ध्यात होतं, तसंच. पुढचा प्रश्न फोडला. त्या अर्ध्या अकबरासाठी मला अजून वाईट वाटतं, पण घंटा झाली तेव्हा शेवटच्या प्रश्नालाही चार ओळी मिळाल्या होत्या.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम बागेतच राहिलो. ऐन दुपार. पाणी चालू. आणि बांधावरून छत्री येताना दिसली. छत्रीखाली भागवत मास्तर. दुपारी! झोपेच्या वेळी! माझ्या हातातलं खोरं पडलं. मास्तर या वेळी घराबाहेर म्हणजे एकतर कुणीतरी वारलं, नाहीतर मी पास. मास्तरांनी आयुष्यात कधी वाफा पाहिला नव्हता. ते सरळ भेंडीत घुसले, गुडघ्यापर्यंत रुतले, एक जोडा चिखलात गेला आणि ते तसेच, एका पायावर, छत्री हलवत ओरडले, "बिरू! अरे, सुटलास!"

मास्तरांना ओढून काढायला दोन गडी आणि एक बैल लागला. बैल मी आत्ता घातला, पण दोन गडी खरे. जोडा मात्र सापडला नाही. त्या जागेची भेंडी पुढं हातभर लांब झाली, असं अक्का मंडईत सांगत आणि चढा भाव घेत. मी चिखलातच खाली बसलो. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, माझ्या छातीवरून अख्खा कळप उठून गेला, घंटेसकट. अक्का आतून गूळ घेऊन आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आता कचेरीत बसून आमचं पानी तोडशील, व्हय रं?"

आठवड्यानं तात्या आले. कळप जळोचीच्या माळावर बसवून आले, हे सांगायला नको. आमची ती जुनी काठी त्यांच्या हातात होती. मला वाटलं, आता विचारणार. विचारलंच.

"पुरं कातरलंस?"

खोटं बोलायला मला कधी कष्ट पडत नाहीत, हे तुम्ही आत्तापर्यंत ओळखलं असेल. पण तेव्हा जमलं नाही. म्हटलं, "न्हाय तात्या. समद्यांच्या अंगावर थोडी थोडी ऱ्हायलीया. पन येक बी सुटलं न्हाय."

तात्यांनी भेंडीच्या ओळींवरून एक नजर फिरवली. मग म्हणाले, "आसूं दे. थंडीला अंगावर थोडी लागतीच." आणि काठी माझ्या हातात न देता, मेंढरं वळवायला घेऊन गेले.

आता एकोणीसशे साठ साल उंबऱ्यावर आलंय. मी कचेरीत टेबलाशी बसतो, वर पंखा आहे, कधी कधी फिरतोही. मनगटावर घड्याळ आहे. फायली मी वाफ्यावाफ्यानं उरकतो, आणि साहेब मला कामसू समजतात. बारामतीत खोली आहे, बायको आहे, ती भाकरी चांगली थापते आणि आईला ते अजून मान्य नाही. राहतो तिथं सगळं माझं आहे. तरी ते घर आहे का, असं कुणी विचारलं तर मी पुढची सुट्टी कधी आहे ते बघतो.

सुट्टीला निमगावला जातो तेव्हा सांज झालेली असते. तात्या वाघरीच्या, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या, तोंडाशी उभे असतात. ते कधी मोजत नाहीत. एकेक मेंढरू आत जाताना त्याचं तोंड बघतात, बस. एखादं आलं नसेल तर त्यांना कळतं, आणि मग ते येईस्तोवर जाळी बांधली जात नाही. मी पिशवी घेऊन त्या रांगेत मागं उभा राहतो. माझी पाळी आली की तात्या माझ्याही तोंडाकडं बघतात, मेंढराकडं बघतात तेवढंच, त्याहून रतीभर जास्त नाही. आणि आत आईला हाक देतात, "आलं गं समदं. बांध जाळी."