डावी बाजू वर

बेर्शेबाच्या जुलैच्या उन्हात, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, ही बया काळ्या लेसचा फ्रॉक, काळे मोजे आणि वीतभर टाचांचे बूट घालून बसस्टॉपवरून चालत यायची. डोक्यावर छत्री, तीही काळी. पोरं मागून ओरडायची, म्हातारे बाकावरून माना वळवायचे. नाव ओर्ली, माझ्या समोरच्या दारातल्या रिवकाची धाकटी. पण आख्ख्या बिल्डिंगीत तिला 'जपानीण' म्हणायचे आणि ती त्या नावावर खूश असायची.

तो फ्रॉक मीच शिवलेला, म्हणजे निम्मं पाप माझं. आम्ही मराठी ज्यू; मुंबईत मी ब्लाऊज शिवले, इथे ज्यूंच्या देशात येऊन फॅक्टरीत सैनिकांचे शर्ट शिवले; पण जपानी मासिकातला फोटो पुढे ठेवून "मावशी, अस्संच पाहिजे" म्हणणारं गिऱ्हाईक हीच पहिली. तिकडच्या पोरी रविवारी असे बाहुलीसारखे कपडे घालून रस्त्यावर जमतात म्हणे. मी म्हटलं, "आईबाप काही बोलत नाहीत?" ती म्हणाली, "बोलतात. तुझ्यासारखंच बोलतात, आणि मग लेस लावून देतात." कप्पाळ माझं!

आम्ही चौथ्या मजल्यावर. तिचे बूट जिन्यात ठक ठक वाजत यायचे, तिसऱ्या मजल्यावर थांबायचे. तिथे ती दम घ्यायची आणि तिथूनच वर ओरडायची, "मावशी, चहा टाक!" त्या बुटांत चार जिने चढणं म्हणजे शिक्षाच. पण काढ म्हटलं तर ऐकेल ती जपानीण कसली.

जेरुसलेमला ती पूर्वेकडच्या देशांचं शिकत होती. सुट्टीला घरी आली की वही घेऊन माझ्या मशीनपाशी बसायची. आमच्या नवसाच्या मलिद्यात पोहेच का? एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या नवसाला ताटात फळं किती? मी आमच्या सिनेगॉगच्या बायकांबरोबर मयताचे कपडे शिवते, त्यावर तर तिचा फार जीव. "गाठ का नाही मारत? खिसा का नाही?" मी वैतागायचे. "अगं, लग्नाचं विचार काहीतरी!" ती इकडच्या ढंगात म्हणायची, "नू, मावशी, लग्नं सगळीकडे सारखीच असतात. कुणी मेल्यावर माणसं काय करतात ते सांग, म्हणजे ती कोण आहेत ते कळतं." वीस-एकवीस वर्षांची पोर, आणि हे बोलणं.

एकदा विद्यापीठात जपानी दिवस होता. तिला किमोनो हवा होता. तो सगळा सरळ पट्ट्यांचा, कात्रीला वळण म्हणून नाही. मी पेटीतली आईची निळी सुती साडी काढली. आईने ती अलिबागेहून आणलेली, कापण्याआधी मी कात्री दोनदा खाली ठेवली, खोटं कशाला सांगू. पण शिवून झाल्यावर त्या काळ्या लेसवाल्या पोरीत मला माझी आई दिसली. मीच तिला नेसवला. उजवा काठ डाव्याच्या वरून डावीकडे ओढून घट्ट पट्टा बांधला.

आरशात बघत तिने काठाला बोट लावलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, तिकडे उजवी बाजू वर फक्त मेलेल्याची असते. जिवंत माणसाची डावी वर."

"काढ आधी! आत्ताच्या आत्ता काढ!" मी पट्ट्याला हात घातला, तर तिने माझे दोन्ही हात धरले. "राहू दे. तुझे हात साडीचे आहेत. पदर असाच जातो ना, उजवीकडून डाव्या खांद्यावर? मी हे लिहिणार आहे." मी मीठ-मिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली. ती हसत हसत तशीच गेली, दिवसभर तशीच वावरली. त्या दिवसाचा फोटो रिवकाच्या भिंतीवर आहे. उजवी बाजू वर.

त्याच उन्हाळ्यात जपानला जायला पैसे हवेत म्हणून ती समुद्राकाठी एलातला हॉटेलात कामाला लागली. तिथे एका सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि पडली. डोक्यातली शीर फुटली होती. बेर्शेबाच्या इस्पितळात आणलं, तिसऱ्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, हे जन्मापासूनच तिच्या डोक्यात असणार. असेल. मला डॉक्टरचं पटतं. पण माझे हे हात बघितले की पटत नाही.

तिचे शेवटचे कपडे मीच शिवले. बिनगाठीचे, बिनखिशाचे. आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. शेवटची चादर गुंडाळायची वेळ आली तेव्हा बाकीच्या प्रार्थना म्हणत होत्या. माझा हात सवयीने उजव्या काठाकडे गेला. मी तो आवरला. उजवी बाजू आधी आत घातली, डावी वरून आणली आणि नीट बसवली. कुणी पाहिलं नाही. रिवकाला मी आजतागायत सांगितलेलं नाही, ना पहिलं, ना दुसरं. ती त्या फोटोखाली बसून मला चहा देते आणि मी मान खाली घालून पिते.

पहिली चूक अजाणता झाली. दुसरी मी जाणूनबुजून केली, आणि तीच आता भोगते आहे. मेलेल्या पोरीला जिवंत माणसासारखं नेसवून पाठवलं. तिने तरी काय समजावं? दुपारी बिल्डिंग सामसूम असते तेव्हा जिन्यात बूट वाजतात. ठक, ठक. मी मशीन थांबवते. तिसऱ्या मजल्यावर आवाज थांबतो, दम घ्यायला. मी आधण ठेवते, दार उघडं टाकते आणि हाकेची वाट बघते. चहा उकळून काळा होतो. इतकी वर्षं झाली, ती अजून तिसऱ्याच मजल्यावर आहे.