टायर ऐकणारे सुभेदार

मला दिल्लीत उभं केलं ते सुभेदारांनी. काय झालं ते पुढे सांगतोच, पण नाव आधी घ्यायला हवं. आज दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, त्यांचं नाही, आणि सकाळी शटर वर करताना ते मला रोज बोचतं. सुभेदार म्हणजे माण तालुक्यातले, फौजेत तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवून निवृत्त झालेले आणि गुडगावच्या जुन्या रस्त्यावर टायरचं दुकान टाकून बसलेले गृहस्थ. तेव्हा आमच्या समोर सरसूचं, म्हणजे मोहरीचं, शेत होतं आणि शेताच्या पलीकडे काचेच्या इमारती चढत होत्या. दर महिन्याला शेत थोडं मागे सरकायचं आणि आमच्याकडे नव्या गाड्या थोड्या जास्त यायच्या.

लोक टायर बघून घेतात. सुभेदार ऐकून द्यायचे. टायर बसवून झाले की गाडी गिऱ्हाइकालाच चालवायला लावायचे आणि आपण मागच्या सीटवर चढायचे. रेडिओ बंद, काचा वर, एसी बंद, बोलणं बंद, मे महिन्यातसुद्धा. डाव्या दाराला पाठ लावून आडवे बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आधी सिमेंटचा रस्ता, मग नवा डांबरी, मग खडी उखडलेला. परत आल्यावर एकच वाक्य : "पुढचा उजवा, हवा कमी आहे." मापून बघावं तर खरोखरच कमी असायची. पंजाबी गिऱ्हाईक म्हणायचं, "सूबेदार साब, आप तो डॉक्टर हो!" त्यावर ते मिशीत म्हणायचे, "डॉक्टर नाडी बघतो, मी नुसता खोकला ऐकतो."

माझा थोरला भाऊ जवान होता, कँटोन्मेंटमध्ये. त्याने मला सुभेदारांच्या दारात उभं केलं. मी सातवीत शाळा सोडलेली, पण घाबरून तोंडातून निघालं, "दहावी झालीय, काका." दुसऱ्याच दिवशी मला टायरवरचं इंग्रजी वाचता येईना आणि त्यांनी मागितलेल्या मापाचा टायर सोडून मी भलताच आणून दिला. सुभेदारांनी सगळ्यांच्या देखत काही म्हटलं नाही. चहाच्या वेळी मात्र बाजूला बोलावलं आणि खरं काय ते काढून घेतलं.

"हणम्या, सातवी म्हणाला असतास तरी ठेवला असता. खोटं बोललास, ते एकदा खपवून घेतो. दुसऱ्यांदा बोललास तर स्टेशनकडे जाणारी धौला कुआँची बस समोरूनच सुटते. बघितलीस ना?"

बघितली होती. पुढची दोन वर्षं ती बस दिसली की मी मान फिरवायचो. गावी परत जाऊन कुणाला काय तोंड दाखवणार होतो?

पण सुभेदार शिकवायचे जीव लावून. माझी राहिलेली शाळा टायरच्या कडेवर भरली. इंग्रजी आकडे आणि अक्षरं मी रबरावर बोट फिरवून शिकलो. रुंदी कुठली, रिम केवढी, कुठल्या अक्षराला किती वेग सोसतो. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली तयार झाला ते. "ही त्याची जन्मपत्रिका," सुभेदार म्हणायचे. "दुकानात पडून म्हातारा झालेला नवरदेव गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचा नाही." आणि बाण. काही टायर एकाच दिशेने फिरायचे असतात, त्यांच्या कडेवर बाण असतो. "अक्षर चुकलं तर विचार, लाज नाही. बाण चुकवू नकोस."

जानेवारीत आर. के. पुरम, मयूर विहार, कुठून कुठून मराठी माणसं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाच्या दर्शनाला निघायची. आदल्या दिवशी आमच्याकडे त्यांची रांग लागायची. सुभेदार प्रत्येकाची हवा स्वतः बघायचे, स्टेपनीचीसुद्धा. एवढ्या गाड्या धाडल्या, पण स्वतः कधी गेले नाहीत. "मी गेलो आणि इथे कुणी पंक्चर होऊन उभा राहिला तर? आधीच एक पानिपत पुरेसं झालंय."

मग एकदा पावसाळ्यात लाल गाडी आली. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, परदेशातून आलेली. आजूबाजूच्या चहाच्या टपऱ्या तिला बघायला रिकाम्या झाल्या. चालवत होते पुण्याचे पाटणकर साहेब, आमच्या समोरच्या काचेच्या इमारतींतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शेजारी त्यांची आई. बाईंना खाली उतरायला दोघांचे हात लागले. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "अहो सुभेदार, याच्या या विमानात बसलं की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. मी काय बोलते ते मलाच कळत नाही."

"आई, स्पोर्ट्स कार आहे ती," साहेब म्हणाले. "थोडा आवाज येणारच. सुभेदार साहेब, मला पकड हवी. परवा ओल्या फ्लायओव्हरवर मागून सटकली यार, काळजात धस्स झालं. पण आईला शांतताही पाहिजे. दोन्ही एकत्र मिळतं का?"

सुभेदारांनी जुन्या टायरवरून तळहात फिरवला. मग आम्ही तीन नवे टायर ओळीने मांडले. पहिला कडक रबराचा : शांत, पण ओल्यात पाय घसरणारा. दुसरा मोठ्या चौकटींच्या नक्षीचा : घट्ट धरणारा, पण कोकलणारा. तिसरा मऊ रबराचा, कडेवर बाण असलेला. नक्षी मधून बाहेर पसरत गेलेली आणि तिच्या चौकटी एकसारख्या नव्हत्या. कुठे लहान, कुठे मोठ्या.

"साहेब, परेड ऐकलीय ना?" सुभेदार म्हणाले. "शंभर जणांनी एकदम पाय आपटला की जमीन दणाणते. तेच शंभर जण बाजारात चालले तर कुणाला ऐकू येतं? चौकटी सारख्या असल्या की परेड होते. या टायरची चौकट लहानमोठी आहे, हा बाजारात चालतो. आणि रबर मऊ, पाणी बाहेर फेकणारी नक्षी, म्हणून ओल्यात धरतो. झिजेल मात्र लवकर. ते आधीच सांगतो, मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"बिल्कुल. हाच लावा."

चारही मी बसवले. एरवी सुभेदार शेवटी चाकांभोवती एक फेरी मारून प्रत्येक बाणावर अंगठा ठेवायचे. त्या दिवशी बाईंनी त्यांना गाव, मुलं, नातवंडं असं बोलण्यात गुंतवलं होतं आणि फेरी राहिली. आता ऐकायला जायचं, तर गाडीत चालवणाऱ्याखेरीज एकच जागा. मी पाटणकर साहेबांसाठी दार उघडून सुभेदारांची वाट बघत उभा राहिलो.

"तू जा," ते म्हणाले. "बाईंना एकटं कसं सोडू?"

दोन वर्षांत ऐकायला त्यांच्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. मी बसलो. रेडिओ बंद, काचा वर. सिमेंटवर गाडी मांजरासारखी गेली. साहेब खूश झाले, "वा! क्या बात है!" नव्या डांबरावर वेग वाढला आणि माझ्या डाव्या खांद्यामागून एक बारीक हुंकार सुरू झाला. वेग वाढला की वाढायचा, कमी झाला की विरायचा. मी डोळे मिटले आणि मागच्या डाव्या चाकाजवळ गुडघा टेकून बसलेला मीच मला दिसलो. बाण. घाईत उलटा बसवला होता मी.

साहेबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते आनंदात होते. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण पुढच्या पावसात तो टायर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढणार होता, आणि त्याच्यावरच त्या बाई बसणार होत्या. सांगावं तर चूक माझी. न सांगावं तर ते दुसरं खोटं. समोरून धौला कुआँची बस येत होती. खरंच येत होती.

दुकानात परतलो. सुभेदारांनी भुवया उडवल्या. "काय म्हणतोय?"

"मागचा डावा उलटा आहे, काका," मी म्हटलं. "मीच बसवलाय. बाण चुकला."

साहेबांचा चेहरा उतरला. सुभेदार चाकाजवळ गेले, वाकले, बाणावर अंगठा ठेवला. मला वाटलं, संपलं. मग सरळ होऊन साहेबांना म्हणाले, "पाटणकर साहेब, माफ करा, फेरी मारायची मी विसरलो. पण एक सांगतो. मी बसलो असतो तर हे मला ऐकू आलं नसतं. माझा डावा कान तोफखान्यात राहिला. म्हणून तर मागे आडवा बसतो, उजवा कान चाकांकडे करून. तुमच्या गाडीत आडवं बसायला जागाच नाही." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "या दुकानाला आता दोन कान चांगले आहेत."

टायर काढून मी पुन्हा बसवला. या वेळी चारही बाणांवर अंगठा मीच ठेवला, त्यांनी सांगितल्यावरून. बाई मुलाबरोबर एक चक्कर मारून आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "सुभेदार, गिरणी बंद पडली हो! आता याला माझं सगळं ऐकावं लागणार." साहेबांनी कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून ऐकायला मी जायला लागलो. सुभेदार आल्यागेल्याला सांगायचे, "हा आमचा हणमंत. सातवी शिकलाय, पण ऐका त्याचं." सातवी शब्द ते अशा ठेक्यात म्हणायचे की मला छाती काढून उभं राहावंसं वाटायचं.

पुढे त्यांचा उजवा कानही कमी होत गेला. मुलीने गावी बोलावून घेतलं आणि दुकान ते माझ्या हाती देऊन गेले. मी जीपमधून त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. ते सवयीने मागे, डाव्या दाराला पाठ लावून. अर्ध्या वाटेत म्हणाले, "काय वाजतंय?"

"मागचा उजवा. नक्षीत खडा अडकलाय."

"मग काढ की. ट्रेन काय पळून जातीय?"

मी गाडी बाजूला घेतली आणि खडा काढला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बघितला, रस्त्याकडेला टाकून दिला. ट्रेन मात्र पळतच गाठावी लागली.

आता जानेवारीची रांग माझ्या दुकानासमोर लागते. हवा मी बघतो, स्टेपनीचीसुद्धा. पण एका वर्षी मी शटर लावणार आहे. गावी जाऊन काकांना घेऊन येईन आणि काला अंबला नेईन, इतक्या शांत टायरवर की स्वतःचा श्वास ऐकू यावा. ते मागे आडवे बसतील. त्यांना ऐकू येणार नाही तिथे मी मोठ्याने सांगत जाईन : काका, हा सिमेंटचा, हा डांबरी, हा खडीचा. सुभेदारांनी मला कान दिले. निदान त्या एका वाटेपुरता मी त्यांचा कान होईन. हे मी त्यांना कबूल केलंय. आणि त्यांनीच सांगितलंय, खोटं दुसऱ्यांदा चालत नाही.