दोन बोटं उजवीकडं

पौडाच्या दवाखान्यातून बायकोसाठी खोकल्याचं औषध घेऊन मी एसटीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात शेजारचा धोंडिबा सायकल हाणत आला. उतरला नाही, एक पाय टेकून म्हणाला, "दादा, बसा मागं. घरी चला." मी म्हटलं, "आरं, औषध घेतलंय, येतो की यष्टीनं." तो म्हणाला, "औषध ऱ्हाऊ द्या आता..." तरी मला कळलं नाही. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "जेवली का रं ती?" आणि त्याची पाठ हलायला लागली, तेव्हा कळलं. ती बाटली अजून फळीवर आहे. बूच काढलेलं नाही.

माझी बायको अनसूया गेली त्याला आता दोन महिने होतील. मी चौथी शिकलेला माणूस. शाळेतले मास्तर म्हणाले, अनसाबाईंसारखी बाई मुळशीत दुसरी झाली नाही, तुम्ही लिहा, आम्ही पेपरच्या पुरवणीला पाठवतो. म्हणून बसलोय. पण मला नुसतं चांगलं-चांगलं लिहायचं नाही. माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती मी तिला सांगितली नाही, आणि आता वाटतंय की तिला ती ठाऊक होती. का नव्हती? डोकं चालत नाही. जमेल तसं क्रमानं सांगतो.

तिला छर्ऱ्याच्या बंदुकीचा नाद होता. नेम माहेरचाच, पोरवयात गोफण चालवायची. बंदूक हातात आली ती आमच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत, नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. मी फुगे फोडायला उभा राहिलो आणि एकही फुटेना. पोरं हसायला लागली. ही पदर खोचून पुढं आली, म्हणाली, "द्या हिकडं." फुगेवाला म्हणाला, "मावशी, खांदा निखळंल." हिनं पहिला छर्रा मुद्दाम बाजूच्या फळीवर मारला, कुठं लागला ते बघितलं, आणि मग सहा फुगे ओळीनं फोडले. फुगेवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येताना मी विचारलं, कसं काय? म्हणाली, "बंदूक कुटं खोटं बोलती ते आदी बगायचं. खोटं बोलती, पर रोज एकच खोटं बोलती. तिच्यावर भरवसा ठेवता येतो. तुमच्यावानी न्हाई."

तिथून दर जत्रेला ती फुगेवाल्यांकडून मोडकी बंदूक घ्यायची, आंबेमोहोर तांदूळ देऊन. अशा सात झाल्या. भिंतीला खुंट्या मारून ओळीनं टांगलेल्या. एक उंच मारायची, एकीची स्प्रिंग दमलेली, एकीचा घोडा ओढायला दोन बोटं लागायची. तिनं एकही दुरुस्त केली नाही. पाटील एकदा ओसरीवर येऊन म्हणाले, "अनसाबाई, दरोडा कुटं घालायचा?" ही म्हणाली, "तुमच्याच घरी. माणूस कमी पडतंय, येता का?"

पाखरू मात्र तिनं मारलं नाही. दया म्हणून नाही. म्हणायची, "एक मेलं तर धा येत्यात. डबा वाजला तर समदी जात्यात." भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्या की शेतात बांबूंवर तेलाचे रिकामे डबे टांगायची आणि बांधावरून डब्यांवर छर्रे मारायची. डबा वाजला की थवा उठायचा, आणि ही ओरडायची, "ऐकलं का?" मी गोठ्यात असो, बांधाच्या पलीकडं असो, मला "ऐकलं!" म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर दुसरा छर्रा वाया घालवायची आणि त्याचा दोष माझ्यावर.

तिची लाडकी बंदूक म्हणजे तारवाली. लाकडी दस्ता फुटलेला, तारेनं आवळलेला. नळीच्या टोकाला नेम धरायचा जो दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. तारवालीची माशी उजवीकडं वाकलेली, त्यामुळं छर्रा डावीकडं जायचा. अनसूया डब्याच्या दोन बोटं उजवीकडं नेम धरायची आणि डबा वाजायचा.

गेल्या श्रावणात ती आजारी पडली. छाती भरली, अंगात काही उरलं नाही. आश्विनात उठून बसली तेव्हा भात तयार होत होतं. म्हणाली, "उद्या बांदावर जाते." मला वाटलं, हात थरथरतोय हिचा, त्यात ती वाकडी माशी. निदान बंदूक तरी सरळ असावी. तेल घालून आणतो असं तिला सांगून, माशी सरळ करायला तारवाली लोहाराकडं नेली. त्यानं विचारलं, "वैनींनी सांगितलंय का?" मी म्हटलं, "तू ठोक."

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत बांधावर गेली. एक छर्रा मारला, डबा वाजला नाही. दुसरा, तिसरा... पाखरं बसलेलीच. मी मागंच उभा होतो. ती नेहमीसारखी दोन बोटं उजवीकडं धरत होती, आणि बंदूक आता सरळ मारत होती. हे मला तिथंच कळलं. तिनं बंदुकीकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं, आणि म्हणाली, "नजर गेली वाटतं माझी." बंदूक माझ्याकडं दिली. मी घेतली. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडाशी आलेलं होतं. पण तिच्या वस्तूला हात लावला म्हणून शिव्या खाव्या लागल्या असत्या, आणि म्हटलं, आजारी आहे, उद्या सांगू. शिव्यांना भ्यालो, दुसरं काही नाही. त्यानंतर ती बांधावर गेली नाही. पाखरं मी गोफणीनं हाकली. मार्गशीर्षात ती गेली.

परवा हरभऱ्यावर पोपट आले. मी तारवाली काढली. माशी सरळ आहे हे मलाच ठाऊक, म्हणून डब्यावर सरळ नेम धरला. छर्रा डावीकडं गेला. परत मारला, परत डावीकडं. मग माशी उजेडात धरली. ती पहिल्यासारखी उजवीकडं वाकलेली होती, आणि तिच्या मुळाशी हिरव्या सुताचा धागा अडकला होता. अनसूयेच्या नेसूच्या लुगड्याचा. पकडीचे दात उमटू नयेत म्हणून तिनं पदर गुंडाळून माशी वाकवली असणार.

कधी वाकवली? भिंत धरून चालणारी बाई ती. मी शेतावर गेलो की खुंटीपर्यंत गेली असेल. म्हणजे नजर गेली नव्हती हे तिला कळलं होतं. कुणी केलं हेही कळलं असणार, घरात तिसरं कोण होतं? मग बोलली का नाही? भाजीत मीठ कमी पडलं तरी मलाच बोल लावणारी बाई. मला शरम वाटू नये म्हणून गप्प बसली? का मी होऊन सांगतोय का, याची वाट बघत होती? का नुसतं आपलं जिथल्या तिथं करून ठेवलं, बाकी काही नाही? एक विचार केला की दुसरा उलटा येतो.

परत बांधावर गेलो. या वेळी दोन बोटं उजवीकडं धरली. डबा वाजला. पोपट उठले, ओढ्याकडं गेले. मी तसाच उभा... कुणी काही विचारलं नाही.

"ऐकलं," मी म्हटलं.